दादाचा सोळा वर्षांचा अनुभव कागदावर कसा आणायचा? आरपीएलबद्दल माहिती हवी आहे

कोयरी
नमस्कार मंडळी. माझा मोठा दादा एसी-फ्रिजचं काम करतो, सोळा वर्षं झाली. दहावीनंतर काही वर्षं इकडेतिकडे केली, मग एका मेकॅनिककडे हेल्पर म्हणून लागला आणि तिथेच सगळं शिकला, आयटीआय वगैरे काही नाही. आता एका मोठ्या बिल्डिंगच्या मेंटेनन्सला आहे, चिलर, डक्टेबल, व्हीआरएफ अशी मोठ्या इमारतींची एसी यंत्रणा सगळी बघतो, आयटीआय करून आलेली नवीन पोरं त्याच्या हाताखाली शिकतात आणि दोनतीन वर्षांनी त्यातलाच एखादा त्याचा सुपरवायझर होतो, कारण फॉर्ममध्ये अर्हतेचा रकाना असतो आणि तिथे दादाकडे लिहायला काही नसतं. मागच्या महिन्यात हे तिसऱ्यांदा झालं. घरी आला, काही बोलला नाही, पाने काढून एकेक पुसत बसला. मला बघवेना म्हणून हा धागा.

कुणीतरी आरपीएलचं नाव सांगितलं, म्हणजे आधीच्या अनुभवावर सर्टिफिकेट. हे खरंच मिळतं का? त्याला नोकरीत कुणी विचारतं का? की ४१ व्या वर्षी दोन वर्षांचा आयटीआयच करायचा? दादाचं म्हणणं एकच, "मला परीक्षा नको, माझं काम बघा." कुणी यातून गेलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

सांजवात
पाने पुसत बसला... वाचून गलबललं गं. माहिती काही नाही माझ्याकडे पण धागा वर राहावा म्हणून लिहितेय.

पाना_पक्कड
मिळतं ताई. मी फिटर, माझ्याकडे पण शिक्षणाचा कागद नव्हता. आमच्या कंपनीतच आरपीएलची बॅच लावली होती, आधी थोडं ओरिएंटेशन, मग सेफ्टीचं सांगितलं, मग असेसर म्हणजे काम तपासणारे परीक्षक आले, एकेकाला जॉब दिला, मापं घेतली, तोंडी प्रश्न विचारले. पास झालो. आमच्याकडे कंपनीनेच घेतलं असल्यामुळे ग्रेड बदलताना ते धरलं. पण माझा एक मित्र तेच सर्टिफिकेट घेऊन दुसरीकडे गेला तर तिथे म्हणाले हे नाही, आयटीआयचं आणा. म्हणून आधी हे विचारा की दादांच्या ठिकाणी नक्की कोणता कागद मागतात. हे न विचारता धावपळ करू नका.

खडूफळा
मी आयटीआयमध्ये निदेशक आहे, बरीच वर्षं. थोडं कटू लिहितोय, राग नसावा.

रेफ्रिजरेशनचा आमचा ट्रेड दोन वर्षांचा आहे. पोरगं पहिल्या वर्षी फाइलिंग, सोल्डरिंग, वायरिंग करतं, मग ब्रेझिंग म्हणजे तांब्याच्या पाइपांचे जोड, मग गॅसचं चक्र, मग फॉल्ट काढणं. प्रधानमंत्री कौशल विकास योजना २०१५ मध्ये आली आणि तिच्यात आरपीएल होतं, तिच्या पहिल्या काही टप्प्यांत ओरिएंटेशन असायचं साधारण १२ तासांचं. आता दोन वर्षं घासणाऱ्या पोराला आणि १२ तास बसून परीक्षा देणाऱ्याला एका मापाने मोजायचं का? अनुभव म्हणजे दर वेळी ज्ञान नसतं. एकच चूक पंधरा वर्षं बिनबोभाट करणारे मी पाहिलेत.

पाना_पक्कड
सर तुमच्याबद्दल आदर आहे पण १२ तास हा हिशोब चुकीचा आहे. माझे १२ तास नव्हते, १२ तासांच्या आधी अकरा वर्षं होती. ते १२ तास परीक्षा कशी असते हे सांगायला होते, काम शिकवायला नव्हते.

झुळूक
+१ पाना_पक्कड. आणि चिलर बंद पडला की रात्री फोन कुणाला जातो, अर्हतेच्या रकान्याला की दादाला? :)

समुद्रपार
ऑस्ट्रेलियातून लिहितोय. मी इथे कारपेंटरीचं सर्टिफिकेट थ्री आरपीएलने घेतलं, म्हणून सगळं नीट सांगतो, लांबेल.

इथे ट्रेड क्वालिफिकेशन हे युनिट्सचं बनलेलं असतं, तीसेक युनिट्स, प्रत्येकात काय काय करता आलं पाहिजे ते ओळ ओळ लिहिलेलं असतं. मान्यताप्राप्त ट्रेनिंग संस्था तुमच्याकडून त्या प्रत्येक ओळीसाठी पुरावा मागते. मला वाटलं होतं एक्स्पीरियन्स लेटर दिलं की झालं. माझ्या जुन्या मालकाचं पत्र काय होतं, "प्रामाणिक, कष्टाळू, नऊ वर्षं आमच्याकडे." असेसरने ते बाजूला ठेवलं आणि म्हणाला हे माणसाबद्दल आहे, कामाबद्दल काहीच नाही. मग मालकाला पुन्हा फोन करून लिहून घेतलं की याने छताचा सांगाडा स्वतः आखून उभा केला, जिने बसवले, लेव्हल आणि सेटआउट स्वतः काढलं. ते चाललं. पुराव्याला इथे चार कसोट्या आहेत, विषयाला धरून पाहिजे, पुरेसा पाहिजे, तुमचाच पाहिजे आणि ताजा पाहिजे. माझं नेमकं ताजेपणावर अडलं, कारण शेवटची तीन वर्षं मी दुसरंच काम करत होतो. त्यांनी मला साइटवर बोलावून करून दाखवायला लावलं आणि दोन युनिट्स कमी पडली ती शिकून पूर्ण केली. पण मी नापास झालो असं नव्हतं, कुठे कमी आहे तेवढंच भरून काढायचं, सगळं पहिल्यापासून नाही. मला ही पद्धत फार माणुसकीची वाटली.

एक धोका मात्र सांगतो. "काही करू नका, फोटो पाठवा, आठवड्यात सर्टिफिकेट" अशा जाहिराती करणारे दलाल असतात, त्यांच्या वाऱ्याला उभं राहू नका. २०२४ च्या शेवटी इथल्या नियामकाने बंद झालेल्या काही संस्थांनी वाटलेली हजारो प्रमाणपत्रं रद्द केली. ज्यांना खरंच काम येत होतं त्यांचेही कागद गेले त्यात.

वितळजोड
वेल्डिंगमध्ये हा वाद लवकर मिटतो. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या सर्टिफाइड वेल्डर टेस्टला कोर्सची अटच नाही, या, जोड मारा, तपासून घ्या, पास किंवा फेल. पट्टी कापून वाकवतात, जोडावर मर्यादेपेक्षा मोठी चीर उघडली की संपलं. त्या पट्टीला तुम्ही कुठल्या शाळेत गेलात हे कळत नाही.

पण दुसरी बाजू पण ऐका. आयएसओ ९६०६ या आंतरराष्ट्रीय मानकाखाली झालेली वेल्डर क्वालिफिकेशन कायमची नसते, दर सहा महिन्यांनी कुणीतरी जबाबदार माणसाने सही करायची की हा अजून त्याच प्रक्रियेवर काम करतोय. सही चुकली की टेस्ट परत. माझी एकदा गेली होती, आजारपणात कुणाच्या लक्षातच आलं नाही. म्हणजे कारागिरीला सुद्धा तारीख असते, हे मला तेव्हा समजलं आणि आता पटतं.

खडूफळा
वितळजोड, हेच माझं म्हणणं आहे. तुमची टेस्ट कडक आहे म्हणून तुमच्या कागदाला मान आहे. टेस्ट कडक ठेवा, मग माणूस कुठून आला ते मी विचारणार नाही.

सुईदोरा
थोडं अवांतर होतंय पण लिहितेच. माझ्या आईने बावीस वर्षं शिवणकाम केलं. आरपीएलच्या असेसमेंटला गेली तर ब्लाउजचं कटिंग इतकं सुंदर केलं, पण तोंडी विचारलं की छातीच्या मापावरून मुंढा कसा काढता तर म्हणाली "अंदाजाने." तिचा अंदाज म्हणजे काय तर छातीचा सहावा भाग आणि वर थोडं, ती बोटांनी मोजते. येतं तिला सगळं, पण ते सांगायचे शब्द तिच्याकडे नव्हते, कारण आजवर कुणी तिला विचारलंच नव्हतं. नशिबाने असेसर बाई समजूतदार. त्यांनी टेप हातात दिला आणि म्हणाल्या, मावशी, तुमचा अंदाज मला टेपवर दाखवा. आई दाखवत गेली आणि त्या लिहीत गेल्या. घरी येऊन आईने आम्हाला तीन वेळा सांगितलं, "मी फॉर्म्युल्यानेच कापत होते गं इतकी वर्षं."

सांजवात
सुईदोरा 🙏 हे वाचून आज धागा उघडल्याचं सार्थक झालं.

तांबटपक्षी
मी रेफ्रिजरेशन-एसीमध्येच असेसर म्हणून काम करतो. कोयरीताई, तुमच्या दादाबद्दल वाचून गप्प बसवेना.

सुईदोरांनी जे लिहिलं तेच रोज समोर येतं. सोळा वर्षांचा माणूस येतो, कॉम्प्रेसरला हात लावतो आणि म्हणतो "लिक्विड परत येतंय," म्हणजे गॅस वाफ न होता द्रवच कॉम्प्रेसरकडे येतोय. बरोबर असतं. मी विचारतो कशावरून, तो म्हणतो "कळतं." आता मी फॉर्ममध्ये 'कळतं' लिहू शकत नाही हो. मग मी विचारतो हाताला काय लागलं? सक्शन लाइन, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणारा पाइप, किती गार लागली? कॉम्प्रेसरच्या बुडाशी घाम होता का? तो सगळं बरोबर सांगतो. म्हटलं आता गेज लावा, प्रेशरवरून सॅच्युरेशनचं तापमान, म्हणजे त्या प्रेशरला गॅस उकळतो ते, बघा, पाइपावर थर्मामीटर लावा, दोन्हीतला फरक सांगा. फरक जवळजवळ शून्य येतो. तोच सुपरहीट, आणि तो नाहीये म्हणून लिक्विड परत येतंय. त्याच्या हाताला माहीत होतं, आकडा आज मिळाला. असेसमेंटचं निम्मं काम हेच असतं, हाताचं बोलणं आकड्यात आणणं, आणि माझ्या मते चांगला असेसर उमेदवाराला त्यात मदत करतो. उत्तर सांगत नाही, पण प्रश्न नीट विचारतो.

आता खडूफळा सरांचं पण खरं आहे हे प्रांजळपणे सांगतो. माझ्याकडे आलेल्या जुन्या लोकांत सगळ्यात जास्त सापडणारी उणीव म्हणजे ब्रेझिंग करताना पाइपातून नायट्रोजन न सोडणं. हेल्पर असताना उस्तादाने सोडला नाही म्हणून यांनीही सोडला नाही. मग तांब्याच्या आतून काळं ऑक्साइड धरतं, पापुद्रे सुटून पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये नाहीतर कॅपिलरीत, म्हणजे गॅस मोजून सोडणाऱ्या बारीक वाटेत, अडकतात आणि सहा महिन्यांनी म्हणतात मशीनच खराब होतं. दुसरी उणीव व्हॅक्यूमची. पंप अर्धा तास चालवला म्हणजे व्हॅक्यूम झाला असं घड्याळावर ठरवतात. व्हॅक्यूम मोजणाऱ्या मायक्रॉन गेजवर ५०० च्या खाली न्यायचं, पंप बंद करायचा आणि थांबून बघायचं. आकडा चढून एका जागी स्थिरावला तर आत ओल आहे, चढतच राहिला तर लीक आहे. आर-३२ आल्यापासून तर आणखी जपावं लागतं, तो गॅस सौम्य का होईना पेट घेणारा आहे, गॅस काढून न घेता, लाइन नायट्रोजनने न झाडता टॉर्च लावणं जिवावर बेतू शकतं. हे सोळा वर्षांपूर्वी शिकलेल्या माणसाला कुणी सांगितलेलं नसतं, आणि त्यात त्याचा दोष नाही.

तयारीसाठी सांगतो, दादांना आजपासून वही करायला सांगा. प्रत्येक कामाची तारीख, मशीनचा प्रकार, तक्रार काय, गेजचं रीडिंग दुरुस्तीआधी आणि नंतर, काय केलं, का केलं. जुने सर्व्हिस रिपोर्ट, कमिशनिंग शीट (नवीन मशीन चालू करून देतानाची नोंद) जिथे त्यांचं अक्षर किंवा सही आहे त्यांच्या प्रती परवानगी घेऊन काढा. फोटो काढताना दादा स्वतः काम करताना दिसले पाहिजेत, नुसत्या चकचकीत युनिटचा फोटो कुणाचाही असू शकतो.

झुळूक
तांबटपक्षी, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून टूलबॉक्समध्ये ठेवावा असा आहे. मी सॉफ्टवेअरवाला, मला निम्मं समजलं तरी दोनदा वाचला.

बर्फाळ
कॅनडात दादांचा ट्रेड रेड सीलमध्ये, म्हणजे देशभर चालणाऱ्या ट्रेड दाखल्यात येतो. अप्रेंटिसशिप केलेली नसेल तरी पुरेशा तासांचा अनुभव सिद्ध केला की थेट परीक्षेला बसता येतं. पण परीक्षा लेखी, पर्यायवाली, ७० टक्के लागतात. माझा शेजारी कसलेला प्लंबर, दोनदा अडकला, का तर वाचायला वेळ लागतो त्याला. त्याचं काम बघायला कुणीच आलं नाही. दादा म्हणतात ना काम बघा, त्यांचं बरोबर आहे हो.

मैलाचा_दगड
जर्मनीत 'एक्स्टर्नेनप्रूफुंग' असते. जितक्या वर्षांचं प्रशिक्षण त्याच्या दीडपट अनुभव दाखवला की नियमित विद्यार्थ्यांबरोबर तीच अंतिम परीक्षा देता येते. रेफ्रिजरेशनचं इथलं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं, म्हणजे सव्वापाच वर्षांचा अनुभव. फायदा हा की मिळणारा कागद अगदी तोच, त्यावर कुठेही 'अनुभवावरून' असं लिहिलेलं नसतं. तोटा हा की परीक्षाही तीच, सवलत नाही. फ्रान्सने उलट केलं, २००२ च्या कायद्याने अनुभवावरून थेट ज्यूरीसमोर जाऊन पदवी किंवा ट्रेडचा दाखला मिळवायचा हक्कच दिला. आधी तीन वर्षांचा अनुभव लागायचा, नंतर तो एक वर्षावर आणला, आणि २०२२ च्या कायद्याने किमान वर्षांची अटच काढली.

सुईदोरा
कागदावर वेगळं काही लिहिलेलं नसावं हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आईच्या सर्टिफिकेटवर आरपीएल छापलंय, आणि एक जण म्हणालाच, "अच्छा, ते वालं."

कोयरी
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. रात्री दादाला सगळा धागा वाचून दाखवला. खडूफळा सरांचा प्रतिसाद आला तेव्हा मी जरा भरभर वाचत होते तर म्हणाला थांब, नीट वाच. 'एकच चूक पंधरा वर्षं' यावर बराच वेळ काही बोलला नाही. मग नायट्रोजनचं वाचलं. तेव्हा म्हणाला, "मी सोडतो, पण सहा वर्षांपासून. त्याच्याआधी नव्हतो सोडत. कंपनीचा एक माणूस कमिशनिंगला आला होता त्याच्याकडून बघितलं." आणि मला म्हणाला हे पण लिही, लपवू नको.

त्याच्या ऑफिसात विचारलं. त्यांना राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्रच लागतं, आयटीआयवाल्यांना मिळतं तेच. आरपीएलचं, म्हणजे त्या त्या उद्योगाच्या सेक्टर स्किल कौन्सिलने दिलेलं, चालेल का तर "बघू" म्हणाले. म्हणजे आता काय करायचं? परत आयटीआयच ना?

खडूफळा
कोयरी, दादांना माझा नमस्कार सांगा. "त्याच्याआधी नव्हतो सोडत" असं कबूल करणारा माणूस मला विद्यार्थी म्हणून मिळाला तर मी त्याला पहिल्या बाकावर बसवीन.

परत आयटीआयच, असं नाही. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला आपल्या ट्रेडमधला अनुभव असलेल्या कामगाराला खाजगी उमेदवार म्हणून बसायची तरतूद आहे. वर्गात दोन वर्षं बसायचं नाही, पण परीक्षा आमच्या पोरांचीच, प्रॅक्टिकल तर आहेच, शिवाय ट्रेड थिअरी, वर्कशॉप कॅल्क्युलेशन आणि एम्प्लॉयबिलिटी स्किल्स. पास झाले तर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्रच मिळतं. अनुभवाचा दाखला कुठल्या नमुन्यात लागतो आणि फॉर्म कधी निघतात हे जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये प्रत्यक्ष जाऊन विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका, नियम बदलत असतात. आरपीएल पण जमलं तर करून ठेवा, कौशल्याच्या दाखल्यांच्या पायऱ्या ठरवणारा राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा २०१३ मध्ये अधिसूचित झाला तेव्हापासून ते सर्टिफिकेटही त्याच पायऱ्यांत बसतं, आणि परीक्षेची भीती मोडायला चांगलं.

प्रॅक्टिकलची त्यांना काळजी नको. थिअरीची आहे. माझ्याकडे सुटीच्या दिवशी काही जुनी पोरं गणितं करायला येतात, ऑनलाइन पण बसतात. दादांना चालत असेल तर मला निरोप टाका.

पाना_पक्कड
सर 🙏🙏 मी वर जे बोललो ते मागे नाही घेत पण तुम्हाला सलाम.

बर्फाळ
आणि वाचायला वेळ लागत असेल तर मागचे पेपर घड्याळ लावून सोडवायला लावा. शेजारी तिसऱ्या वेळी असाच पास झाला, त्याची बायको रोज रात्री प्रश्न मोठ्याने वाचायची.

कोयरी
मी वाचेन. तशीही वाचतेच आहे :)

दादाला लिहायचंय, तो सांगतोय तसं टाइप करतेय.

"नमस्कार सर्वांना. मला लिहायची सवय नाही. वही सुरू केली आहे, काल दोन एंट्री केल्या. जुने सर्व्हिस रिपोर्ट शोधले, २०१४ पासूनचे सापडले, काही ओले होऊन चिकटलेत पण सही दिसते. सर, मी सुटीच्या दिवशी बसेन. तांबटपक्षी साहेबांना एक विचारायचं होतं. काल स्प्लिटला सुपरहीट मोजला, ११ डिग्री आला, गॅस आर-४१०ए आहे, फिक्स ओरिफिस नाही, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आहे. मला गॅस थोडा कमी वाटला हाताला. आधी गॅस चेक करू की व्हॉल्व्हचा तापमान ओळखणारा बल्ब पाइपावरून सुटलाय का ते बघू? वहीत काय लिहू?"

तांबटपक्षी
दादा, आधी बल्ब बघा, त्याला काही उघडावं लागत नाही. पट्टी घट्ट आहे का, इन्सुलेशन निघालंय का. तरी व्हॉल्व्ह असताना गॅस कमी असला की तो सबकूलिंगला, म्हणजे द्रव गॅस किती जास्त थंड झालाय त्या आकड्याला, आधी दिसतो, म्हणून लिक्विड लाइनचं तापमान पण घ्या. कमी निघाला तर गॅस टाकायच्या आधी लीक शोधा. वहीत दोन्ही आकडे लिहा आणि "हाताला कमी वाटला" हे सुद्धा लिहा, ते खोडू नका.